छोट्या पातेल्याचं माप

५ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीत होतो तोवर रोज डायरी लिहिण्याची सक्ती होती. कुठलं दुकान, कुठला काटा, किती फरक आढळला. वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाला दुसरं लिहायला असतं तरी काय. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं की आता डायरीला हात लावायचा नाही. पण आज हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून बसून जीव विटला आणि हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

बायकोला काल परत दाखल केलं. बरेच दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आधी म्हणायची पित्त आहे, मग म्हणायची वय झालं. परवा उलटी झाली त्यात आदल्या दिवशीचे वाटाणे होते, अख्खेच्या अख्खे. ते पाहून मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलो. ती मात्र तोंड पुसत म्हणाली, "घ्या, तुम्ही सोललेला माल परत आला." हिला कुठे विनोद सुचेल याचा नेम नाही.

जठराचा कॅन्सर गेल्या वर्षी निघाला. औषधं झाली, केस गेले, केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे आले. आम्हाला वाटलं, सुटलो. आता गाठ पुन्हा वाढली आहे आणि जठरातून आतड्यात जाण्याची वाटच तिने दाबून टाकली आहे. नाकातून नळी घालून साठलेलं सगळं बाहेर काढलं. तिला नळी सोसेना आणि मला ते बघवेना, म्हणून मी बाहेर येऊन बसलो. बायका धीराच्या असतात असं आपण म्हणतो आणि आपली सोय करून घेतो.

७ फेब्रुवारी, बुधवार

दुर्बीणवाले डॉक्टर येऊन गेले. तोंडातून दुर्बीण घालून पोटात बघतात, म्हणून आम्ही दोघांनी ठेवलेलं हे नाव. वयाने आमच्या लेकीएवढे असतील. त्यांनी कागदावर जठर काढलं, ते मोज्यासारखं दिसत होतं.

पोट फाडायचं नाही, म्हणाले. तोंडातून दुर्बीण, तिच्यातून बारीक तार, तारेवरून घडी घातलेली जाळीची नळी. अडलेल्या जागी नेऊन सोडली की ती आपोआप उलगडते आणि वाट उघडी धरून ठेवते.

"म्हणजे बरी होईल," मी म्हणालो.

"जेवता येईल," ते म्हणाले. "उलट्या थांबतील. पण काका, आजार आहे तिथेच राहणार. तो बरा करायला हे नाही. आहेत ते दिवस घरी जावेत, दोन घास खाऊन जावेत, एवढ्यासाठी आहे."

डॉक्टर लोकांना हात राखून बोलावं लागतं. मीसुद्धा दुकानदाराला कधी "तुमचा काटा बिनचूक आहे" असं म्हटलं नाही. "आजच्या तपासणीत फरक आढळला नाही" एवढंच लिहून द्यायचो. ही भाषा मला चांगली कळते. जेवण सुरू झालं की अंगात ताकद येईल, ताकद आली की पुढची औषधं सोसतील. इतकं सरळ गणित आहे.

डॉक्टर गेल्यावर बायको म्हणाली, "कळलं ना तुम्हाला, ते काय म्हणाले?"

"कळलं की."

"काय कळलं?"

"जाळी बसवतील. जेवायला लागशील."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. नाकात नळी असली की माणूस जास्तच रोखून बघतो असं वाटतं. मग म्हणाली, "बरं. आणि ते जेवण करणार कोण? मला तर उभं राहवत नाही."

मी म्हणालो, करू काहीतरी. ती हसली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आत नेलं. लेक आदल्या दिवशीच आली होती. ती देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरी करते, रजा काढून आली. आम्ही दोघं बंद दारासमोर बसलो. समोर एक माणूस सारखा घसा खाकरत होता, माझं सगळं लक्ष त्याच्याकडेच. असल्या वेळी राग काढायला कुणीतरी लागतं.

डॉक्टरांनी बाहेर येऊन फोटो दाखवला. काळ्या पडद्यावर पांढरी जाळी, मध्ये कंबरेत आवळल्यासारखी. उद्यापर्यंत पूर्ण उलगडेल, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. लेक त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलत उभी राहिली आणि परत आली ती डोळे लाल करून.

"रडतेस काय वेडे, सगळं नीट झालं ना," मी म्हणालो.

"हो बाबा," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आलो. बायको पाणी प्याली, नारळपाणी प्याली, गाळलेलं सूप प्याली आणि सगळं आत राहिलं. आम्ही तिघंही दर थोड्या वेळाने एकमेकांकडे बघत होतो. उलटी झाली नाही. नळीतून पाणी जातंय की तुंबतंय हे बघावं तशी मी तिच्या पोटाकडे नजर लावून होतो. शेवटी ती म्हणाली, "मी काय मोरी आहे का?"

लेकीने फ्रिजवर कागद चिकटवला आहे. पालेभाजी नाही, साली नाहीत, दोरे निघतील असं काही नाही. मऊ शिजवलेलं, कुस्करलेलं, थोडं थोडं, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लेक परत गेली. तिला स्वयंपाकाला बाई लावायची होती, पण तिच्या आईने साफ नाही म्हटलं. "तुझे बाबा करतील. शिकतील." मी चमकून बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी गॅस पेटवला असेल तो सिलिंडर बदलल्यावर, चालू होतो का बघायला.

आता बायको स्वयंपाकघराच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसते आणि हुकूम सोडते. मी तिला हसलो तर म्हणाली, "मी आयुष्यभर बसूनच काम केलंय, मला सवय आहे." ते खरं आहे. ती चहाच्या कंपनीत चहा चाखायला होती. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, हातात चमचा. सुर्रकन ओढायचं, तोंडात घोळवायचं, थुंकून टाकायचं आणि एक शब्द सांगायचा. कडक. सपक. भरीव. करपट. तिच्या एका शब्दावर गोदामं हलायची. पहिल्यांदा तिच्या कंपनीत गेलो तेव्हा ते सुरकणं ऐकून मला लाजल्यासारखं झालं होतं.

आज मी भोपळ्याचं सूप केलं. पहिला चमचा तिने सुर्रकन ओढला, वाटीत थुंकला आणि म्हणाली, "सपक."

"अगं, गिळ ना, त्याचसाठी एवढा खटाटोप केला."

"चाखायचं वेगळं, खायचं वेगळं. चाखताना गिळलं की पोट खूश होतं आणि जीभ भिडेखातर बोलते. आधी चाखणार, मीठ नीट करून घेणार, मग खाणार."

मीठ घातलं. मग तिने वाटीभर सूप प्यायलं, शांतपणे, जराही आवाज न करता. वाटी पुसून घेतली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोरीपाशी जाऊन उगाच भांडी विसळत बसलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजपासून दर रविवारी वजन करायचं ठरवलं. घरातला काटा आधी तपासून घेतला. जुन्या ऑफिसात ओळख आहे, तिथून प्रमाणित वजनं मागून आणली. ती जिन्यावरून वर आणताना माझ्या नाकी नऊ आले. काटा अगदी बरोबर निघाला. बायको म्हणाली, "त्याला एकदा विचारा, माझ्यावर विश्वास आहे का त्याचा."

वजन फार उतरलं आहे. तो आकडा इथे लिहिणार नाही. पण आता इथून वरच जाणार.

२१ फेब्रुवारी, बुधवार

भाताचा धडा. मी तांदूळ तोलायला घेतले तर हिने काटा खाली ठेवायला लावला. पाणी बोटाच्या पेराने मोजायचं म्हणे. मी सांगितलं, पेर हे प्रमाणित माप नाही, माझं पेर वेगळं आणि तुझं वेगळं. ती म्हणाली, "म्हणूनच तुमच्या पेराने मोजा. भात तुमच्या हातचा आहे."

आणि एक हट्ट. लेक लहान असताना तिचं दूध ज्यात तापवायचो ते छोटं पातेलं माळ्यावरून काढायला लावलं. भात त्यातच करायचा.

"यात एका माणसाचाच होईल," मी म्हणालो.

"मला दोन चमचे लागतात. ते तुमच्यातनंच खाईन. माप तुमचं शिका."

"मोठ्यात केला तर काय बिघडलं?"

"मोठ्यात केला की उरतो. उरला की तुम्ही फ्रिजमध्ये ठेवाल आणि चार दिवस तेच खाल. मी ओळखते तुम्हाला."

भात खाली लागला. तिने चाखला, थुंकला आणि म्हणाली, "करपट." पण मग वरचा मऊ भाग कुस्करून दोन नाही, चांगले पाच चमचे खाल्ले.

३ मार्च, रविवार

वजन पाव किलोने वाढलं. मी दोनदा उतरवून दोनदा चढवलं, तिन्ही वेळा तोच आकडा. लेकीला लगेच फोन केला. ती नुसतं "हो का बाबा" म्हणाली. तिकडे फोनची रेंज कमी असावी.

मजेत चाललं आहे. आम्ही परत समोरासमोर बसून जेवतो. जानेवारीत मी एकटाच जेवायचो आणि ती आतल्या खोलीत पाठ करून पडलेली असायची, मला घास गिळवत नसे. आज तिने बटाटा, मऊ अंडं आणि थोडा भात खाल्ला. जेवताना आम्ही शेजारच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याची नक्कल केली. तो कबुतरांशी भांडतो. ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मला वाटलं, एवढंच पुरे, यापुढे मी काही मागणार नाही.

मग लगेच मनात आलं, खोटं कशाला बोला. मला पुष्कळ मागायचं आहे.

१० मार्च, रविवार

वजन अर्ध्या किलोने वाढलं. पायही चांगले भरले आहेत, घरातल्या चपला तिला घट्ट होतात. अंगठी मात्र सैल होऊन दोनदा निसटली, एकदा तर भातातच सापडली. मी तिला आतून दोरा गुंडाळून दिला. बोटं बहुधा सगळ्यात शेवटी भरत असावीत.

ती काट्यावरून उतरून माझ्याकडे बघत होती. "खूश?" तिने विचारलं.

"म्हणजे काय. तू नाहीस?"

"तुम्ही आहात ना," ती म्हणाली. "आता कांदा कापायला शिका. बोटं आत मुडपून."

१३ मार्च, बुधवार

हिचं शिकवणं काही कळत नाही. तिने खायचे पदार्थ मोजके आणि मऊ. पण आज मला मिरच्या घालून परतलेली फरसबी करायला लावली. ती तिला मुळीच चालत नाही, फ्रिजवर लिहिलं आहे.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी. आजाऱ्याचं जेवून जेवून तुमचं तोंड बघा कसं झालंय."

चाखून थुंकली, म्हणाली, "भरीव." पहिल्यांदाच हा शब्द मिळाला. तिच्या कंपनीत तो वर्षातून दोनदा ऐकू यायचा. संध्याकाळपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

तिला म्हटलं, एकदा तू ठणठणीत झालीस की मी या स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही, मग बघ. ती म्हणाली, "असं नका करू. हात बसलाय आता."

१७ मार्च, रविवार

एकदम दीड किलो. काट्याला नमस्कारच करायचा बाकी राहिला. खाणं मात्र जरा कमी झालंय. पोट लगेच भरतं म्हणते. गाऊन पोटावर ताणला जातो. इतके दिवस रिकामं होतं, आता भरतंय, लागणारच थोडा वेळ.

गुरुवारी डॉक्टरांना दाखवायचं आहे. सगळे रविवार एका कागदावर ओळीने लिहून ठेवले. कुणाला काम दाखवायचं तर नीट दाखवावं.

२१ मार्च, गुरुवार

दुर्बीणवाल्यांसमोर कागद ठेवला. "डॉक्टर, वजन वाढतंय. काटा मी स्वतः तपासलेला आहे."

त्यांनी कागद वाचला. मग उठून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवून पाहिलं. मी त्या खळग्याकडे बघत होतो, तो भरता भरत नव्हता.

"काका," ते म्हणाले, "हे पाणी आहे. पोटात साठलंय, पायांत उतरलंय. आजार आत पसरला की असं होतं."

"पण आकडा वाढलाय," मी म्हणालो. तेव्हा त्या खोलीत मी किती मूर्ख दिसलो असेन.

"आकडा पाण्याचा आहे," ते म्हणाले. आवाज फार मऊ होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुईने पोटातलं पाणी काढलं. बायकोला लगेच हलकं वाटलं, श्वास मोकळा झाला. टॅक्सीत तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. ते अगदी हलकं होतं.

२२ मार्च, शुक्रवार

ती झोपली असताना प्रमाणित वजनं काढून काटा परत तपासला. एकेक वजन ठेवलं, उतरवलं. फरक आढळला नाही.

आयुष्यभर खोटे काटे पकडले. तळाला लावलेली मेणाची गोळी पकडली, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक पकडलं. भलेभले दुकानदार माझ्यासमोर चळाचळा कापायचे. आणि इथे खऱ्या काट्याने मला दर रविवारी फसवलं. त्याची चूक नाही. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं. तिच्यातलं किती तिचं आहे, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

ती जागी होऊन दारात येऊन उभी होती, मला कळलं नाही. मी जमिनीवर वजनांच्या मध्ये बसून रडत होतो.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"चपला माझ्या, पाय माझे. मला कळणार नाही?"

"मग सांगायचं नाही का मला?"

ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, माझ्याशेजारी. "रविवारी तुमचं तोंड बघायचे. तेवढ्यासाठी काट्यावर चढायचे हो. सांगून काय मिळालं असतं?"

मला तिचा राग आला. आता लिहितानाही आहे. एवढे दिवस माझ्याजवळ होते आणि मी ते बेरजेत घालवले. मी तसं तिला बोललोही.

"कुठे घालवले?" ती म्हणाली. "जेवलो की आपण. हसलो. कांदा येतो तुम्हाला आता."

३१ मार्च, रविवार

आज वजन केलं नाही. काटा पलंगाखाली सरकवला.

५ एप्रिल, शुक्रवार

उलट्या परत सुरू झाल्या. लेक आली आहे, आता राहणार म्हणते. तिने डॉक्टरांना विचारलं, आत आणखी एक जाळी बसवता येईल का. ते म्हणाले, बसवता येईल, पण आता पुढे आतड्यातही ठिकठिकाणी अडलं आहे, एक दार उघडून माणूस घरात पोचणार नाही. बायको म्हणाली, मग नको. त्रासाचं औषध द्या आणि घरी राहू द्या. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. तर हीच त्यांना म्हणाली, "तुमच्या जाळीने मला दीड महिना जेवू घातलं. नवऱ्याच्या हातचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

जिन्यात मी लेकीला विचारलं, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं ना. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी तुम्हालाच आधी सांगितलं होतं."

९ एप्रिल, मंगळवार

आता ती काही खात नाही. ओठ ओले करायला पाणी, बर्फाचा खडा. मी म्हटलं, मग चूल बंद करतो, तुझ्यासमोर कशाला वास. तर रागावली. "धडे राहिलेत. रस्सा पातळ होतो तुमचा. वास येऊ दे, त्यानेच बरं वाटतं."

म्हणून मी रोज करतो. वेताच्या खुर्चीतून ती पलंगावर गेली, पलंग आम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढला. मी चमचा नेतो, ती सुरकते, वाटीत थुंकते, एक शब्द सांगते. तेवढाच तिला विरंगुळा. तिचा जीव रमतो म्हणून मी जीव तोडून करतो. छोट्या पातेल्याचा हट्ट अजून सोडला नाही. आता तर घरात लेकही आहे, दोघांना पुरत नाही, तिला पाव आणून खावा लागतो. पण आजाऱ्याशी वाद कोण घालणार.

१२ एप्रिल, शुक्रवार

रस्सा: भरीव. भात: "आता बघायला नको." हा तिचा नवीन शेरा आहे. कंपनीत जो मळा कायम चांगला माल द्यायचा, त्याचा कप ती न चाखता पुढे सरकवायची, त्याची आठवण झाली.

१६ एप्रिल, मंगळवार

चहा मी या घरात कधी केला नाही. तिनेच करू दिला नाही. लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा तिने कप नाकाजवळ नेला आणि कुंडीत ओतला. रोप जगलं, म्हणजे चहा किती सपक होता बघा, असं ती मला नंतर बरीच वर्षं चिडवायची.

आज सकाळी खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. म्हणाली, "चहा करा."

"मी?"

"मग कोण, शेजारचा म्हातारा?"

ती पलंगावरून सांगत गेली आणि मी करत गेलो. पाणी उकळी येऊन खदखदू द्यायचं नाही. पत्ती घातल्यावर झाकायचं आणि ढवळायचं नाही. पत्ती थोडी ओट्यावर सांडली. झाकण ठेवून आम्ही दोघंही वाट बघत बसलो. तिने डोळे मिटले होते, पण नाक जागं होतं, ते मला दिसत होतं.

पांढऱ्या कपात नेला. तिला उशीला टेकवून बसवलं, डाव्या हाताने हनुवटीखाली वाटी धरली आणि उजव्या हाताने चमचा दिला. तिने ओढला. आवाज कंपनीतल्यासारखा झाला नाही, अगदी बारीक. तोंडात घोळवला. मी वाटी आणखी जवळ नेली. ती थांबली आणि मग तिच्या गळ्याची हालचाल मला दिसली.

"अगं, गिळलास?"

तिने मान हलवली.

"मग सांगणार कसं, कसा झालाय ते?"

"आता नाही सांगायचं," ती म्हणाली. "आणखी द्या."

मी आणखी एक चमचा दिला. तोही तिने गिळला. वाटी कोरडीच राहिली. थोड्या वेळाने तो चहा तिच्या पोटाने परत केला, तिला फार त्रास झाला. लेक माझ्यावर चिडली, बाबा तुम्ही गिळू कशाला दिलंत. बायको धाप लागलेली असतानाच तिला म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. मला प्यायचा होता."

९ मे, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही. ती गेली त्या दिवसाबद्दल आजही लिहिणार नाही. दुपार होती, आम्ही दोघं जवळ होतो, त्रास कमी होता. एवढं पुरे.

आज लेक परत गेली. मला बरोबर चला म्हणत होती, मी नंतर येतो म्हटलं. स्टेशनवरून आलो. घरात पलंग अजून स्वयंपाकघराच्या दारातच आहे. एकट्याला ओढवला नाही.

भूक लागली होती याची लाज वाटली. मग ओट्यापाशी गेलो. छोटं पातेलं काढलं, तांदूळ धुतले, बोटाच्या पेराने पाणी पाहिलं. फरसबी परतली. सगळं होईस्तोवर मी एकदाही थांबून विचार केला नाही. हात आपोआप चालत होते.

जेवायला बसतो तोच लेकीचा गाडीतून फोन. "बाबा, काय खाल्लंत?"

"भात केलाय. फरसबी."

"तुम्ही कधी शिकलात हो हे सगळं? मी आईला इतकं सांगायचे, बाई लाव म्हणून."

"आजारात शिकलो," मी म्हणालो. "तिच्यासाठी करायचो ना."

फोन ठेवला आणि माझंच वाक्य माझ्या कानात राहिलं. तिच्यासाठी. समोर पातेलं होतं. त्यात दोन माणसांचा भात मावत नाही. कधीच मावला नसता. फरसबी तिला चालतच नव्हती. ज्या दिवशी मी तिला म्हटलं की जाळी बसवतील, जेवायला लागशील, आणि तिने माझ्याकडे तसं बघितलं, त्या दिवसापासून ती हे शिकवत होती. माप बघून माल ओळखणारा माणूस मी. माप रोज माझ्या हातात होतं.

भात निवत चालला. मग तिची वाटी आणून ताटाशेजारी ठेवली. पहिला घास चाखून थुंकावा आणि खरा शब्द सांगावा असं मनात आलं, तिच्यासारखं. ते जमलं नाही. मी तो गिळला. मग दुसरा घेतला.

सगळा भात संपला. कमी पडला नाही, उरलाही नाही. पातेलं घासलं, पुसलं आणि उद्या हाताशी लागेल असं ओट्यावरच पालथं ठेवलं.